भिंतींचे कान आणि ब्रह्मपुरीची छावणी

सातवीच्या वर्गात शिवकाल शिकवताना अष्टप्रधान मंडळाचा पाठ आला की मी फळ्यावर दोन रकाने आखतो. एका रकान्यात १६७४ च्या राज्याभिषेकानंतर रूढ झालेली संस्कृत नावे आणि दुसऱ्यात त्याआधीची फारसी नावे. अमात्य म्हणजे मुजुमदार, सुमंत म्हणजे डबीर, सचिव म्हणजे सुरनीस आणि मंत्री म्हणजे वाकनीस. उर्दू माध्यमाच्या मुलांना या पाठाची गोडी फार लवकर लागते, कारण मराठी मुलांना पाठ करावे लागणारे शब्द त्यांना घरच्यासारखे वाटतात. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. चिटणीस, फडणीस, पारसनीस ही आज मराठी आडनावे झालेली मंडळी मुळात लेखणीचीच माणसे. आणि वाकनीस म्हणजे वाकिआ-नवीस; घडलेली हकीकत टिपून ठेवणारा, राजाच्या खासगी कारभारावर आणि आसपासच्या हालचालींवर नजर ठेवणारा. महाराजांच्या पदरी हे काम दत्ताजी त्रिंबक यांच्याकडे होते.

एकदा हे सांगत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मतलब वो मॉनिटर था क्या?" वर्ग हसला, मीही हसलो. पण श्रीपूरला घरी परतताना तो प्रश्न डोक्यातून जाईना. त्याचे कारण शेवटी सांगतो. आधी त्या प्रश्नाच्या निमित्ताने इतिहासाची जी पाने मी पुन्हा उलटली, त्यांविषयी.

दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकणारी माणसे सर्वच काळात होती. कानोसा घेणारा, कानफुंक्या, चहाडखोर, हेर, जासूद, खबऱ्या असे त्यांच्यासाठी मराठीत भरपूर शब्द आहेत, आणि त्यांतले कितीतरी आपल्या घरच्या अरबी-फारसीतून आले आहेत. 'भिंतीलाही कान असतात' ही म्हण फारसीत जशीच्या तशी आहे. परंतु शेजारणीचे भांडण खिडकीआडून ऐकणे वेगळे आणि राज्याने पगार देऊन ऐकणारे नेमणे वेगळे. पहिल्याने एखादे घर मोडते. दुसऱ्याने काय होते, हे पाहण्यासाठी आम्हा सोलापूर जिल्ह्यातल्या लोकांना फार दूर जावे लागत नाही.

दिल्लीच्या सुलतानांपासून सुरुवात करू. बरीद म्हणजे बातमीदार अधिकारी, प्रत्येक मोठ्या ठाण्यावर नेमलेला. इतिहासकार झियाउद्दीन बरनी सांगतो की बल्बनच्या काळात बदायूंचा जहागीरदार मलिक बकबक याने आपल्या एका फर्राशाला फटके मारून ठार केले. पुढे सुलतान तिकडे गेला तेव्हा त्या नोकराच्या विधवेने फिर्याद केली. बल्बनने बकबकला तसेच फटके मारून ठार करविले आणि ही बातमी न कळवणाऱ्या बरीदाला वेशीवर फासावर लटकवले. इथे ऐकणाऱ्याची नेमणूक दुबळ्याच्या बाजूने होती, हे मान्य केले पाहिजे. गरीब नोकराची किंकाळी दिल्लीपर्यंत पोहोचावी म्हणूनही कान हवे असतात. पण त्याच बरनीने पुढे अलाउद्दीन खिलजीच्या (१२९६ ते १३१६) काळाचे जे वर्णन केले आहे ते वाचताना अंगावर काटा येतो. बातमीदारांचा धाक इतका वाढला की हजार सुतून महालात मोठमोठे अमीर एकमेकांशी तोंडाने बोलेनासे झाले. काही सांगायचे असले तर हातवारे करून, खुणेने सांगत. राज्यातले सर्वांत बलाढ्य सरदार मुक्यांसारखे खुणा करीत उभे आहेत, हे चित्र मी मुलांना रंगवून सांगतो तेव्हा ती हसतात. मोठी झाल्यावर हसणार नाहीत.

अकबराच्या काळात हा कान दरबारातून मोहल्ल्यात आला. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त कोतवालाची कर्तव्ये दिली आहेत. शहरातल्या घरांची नोंद ठेवावी, मोहल्ले पाडून प्रत्येकावर एक मुखिया नेमावा, कोण आले कोण गेले याची रोजची नोंद त्याच्याकडून घ्यावी. इथवर आपल्या आजच्या पोलीस पाटलासारखेच आहे. पुढची सूचना मात्र अशी की मुखियाला ठाऊक नसलेला एखादा सामान्य, कोणाच्या डोळ्यांत न भरणारा माणूस त्याच्यावर गुप्तपणे लक्ष ठेवायला नेमावा. म्हणजे मोहल्ल्यात एक मुखिया सर्वांना माहीत, आणि दुसरा कोणालाच माहीत नाही. तो भिश्ती असेल, नानबाई असेल, मशिदीच्या पायरीवर बसणारा फकीरही असेल. कोण ते माहीत नसल्यामुळे संशय मात्र सगळ्यांवर.

मुघल बातमी-व्यवस्थेची वाढ पाहिली की याच तऱ्हेचे मजल्यावर मजले चढलेले दिसतात. आधी वाकिआ-नवीस. तो प्रत्येक सुभ्यात, प्रत्येक फौजेसोबत उघडपणे नेमलेला असे. सुभेदाराला तो ठाऊक असे आणि म्हणून सुभेदार त्याला खूशही ठेवी. मग तो खरे लिहितो की नाही हे पाहायला सवानिह-निगार. तोही कालांतराने ओळखीचा झाला, म्हणून खुफिया-नवीस. हा गुप्त लेखक. त्याची ओळख स्थानिक अधिकाऱ्यांना होऊ नये अशी योजना. आणि यांखेरीज हरकारे. ते पायी धावत, बातमी बहुधा तोंडी आणत, कधी पत्रही पोचवत. हे सगळे अहवाल डाक-चौकीच्या दारोग्याकडे जमा होत आणि तेथून बादशहापुढे जात. एका ऐकणाऱ्यावर विश्वास नाही म्हणून दुसरा, दुसऱ्यावर नाही म्हणून तिसरा. कोणत्याही मजल्यावर विश्वास मात्र निर्माण झाला नाही.

व्हेनिसहून आलेला निकोलाव मनुची औरंगजेबाच्या काळात हिंदुस्थानात दीर्घकाळ राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की उघड आणि गुप्त बातमीदारांची पत्रे दर आठवड्याला येत, आणि रात्री नवाच्या सुमारास महालातल्या स्त्रिया ती बादशहाला वाचून दाखवत. याशिवाय शाहजाद्यांवर नेमलेले वेगळे हेर असत, त्यांचेही लेखी अहवाल येत. बादशहा मध्यरात्रीपर्यंत या कामात बसून राही. दिव्याच्या उजेडात एक वृद्ध गृहस्थ बसला आहे आणि त्याला त्याच्या मुलांची बोलणी वाचून दाखवली जात आहेत! राज्यकारभाराचे हे दृश्य मला कधी कधी घरातल्या दुःखासारखे वाटते.

आता आमच्या भागाकडे येतो. अकलूज श्रीपूरपासून हाकेच्या नसले तरी एसटीच्या अंतरावर आहे. उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रांगत गेले तरी तासाभरात पोहोचतो. १६८८ च्या डिसेंबरात औरंगजेबाने विजापूर सोडले आणि त्याची छावणी अकलूजकडे निघाली. इकडे कोल्हापूरच्या बाजूला त्याचा सरदार मुकर्रबखान होता. हा पूर्वीचा गोवळकोंड्याचा शेख निजाम. त्याने आपले हेर पेरून ठेवले होते. छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी थोड्या माणसांनिशी आहेत ही बातमी त्याला त्या हेरांकडून मिळाली. घाटवाटा तुडवत तो तेथे गेला आणि १६८९ च्या फेब्रुवारीच्या आरंभी महाराज पकडले गेले. ही खबर बादशहाला अकलूजच्या छावणीत कळली, तेथे आनंद साजरा झाला आणि अकलूजला असदनगर हे नाव दिले गेले. ते नाव टिकले नाही. ११ मार्च १६८९ रोजी महाराजांची हत्या झाली.

चोरून मिळवलेल्या एका बातमीने राज्याचा धनी हाती आला. हेरगिरीच्या इतिहासात याहून मोठे यश क्वचितच सापडेल. औरंगजेबाला वाटले असेल की दख्खनचे काम संपले. सहा वर्षांनंतर, १६९५ मध्ये, तो याच जिल्ह्यात भीमेच्या काठी, मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला मुक्काम टाकून बसला होता. आजच्या माचणूरजवळचे हे ठिकाण. त्याने त्याला इस्लामपुरी म्हटले आणि १६९९ पर्यंत, चार वर्षांहून अधिक काळ, हिंदुस्थानची राजधानी व्यवहारात आमच्या जिल्ह्यातच होती. काबूलपासून बंगालपर्यंतचे अहवाल येथे येत. माचणूरला सिद्धेश्वराचे देऊळ आहे, किल्ल्याचे अवशेष आहेत, घाटावरून भीमेचे पात्र दिसते. मी मुलांना एकदा तेथे नेले होते. इथे बसून बादशहा सगळ्या देशाचे ऐकत होता असे सांगितल्यावर एका मुलीने नदीकडे तोंड करून कान टवकारले.

त्याला येथे काय ऐकू आले? १६९५ च्या नोव्हेंबरात दोड्डेरीला संताजी घोरपड्यांनी कासिमखानाच्या फौजेची वाताहत केली. कासिमखान तेथेच मरण पावला, विष घेतल्याचे सांगितले गेले. दोन महिन्यांनी, जानेवारी १६९६ मध्ये, बसवापट्टणजवळ हिंमतखान मारला गेला. बातम्या आल्या, पण घडून गेल्यानंतर. ज्या मराठी मुलखात छावणी होती त्या मुलखातला शेतकरी, पाटील, धनगर काय बोलतो हे वाकिआ-नवीसाच्या कागदावर उतरत नव्हते, कारण तो बोलत होता ते आपल्या माणसांत, आपल्या भाषेत. जिंजीचा वेढा १६९० ला सुरू झाला आणि १६९८ ला संपला. त्यात शाहजादा कामबक्ष राजाराम महाराजांच्या लोकांशी गुप्त बोलणी करतो अशी खबर हेरांनी दिली आणि १६९३ च्या सुमारास वजीर असदखान व त्याचा मुलगा झुल्फिकारखान यांनी खुद्द बादशहाच्या मुलाला कैदेत टाकले. पुढे याच झुल्फिकारखानाविषयी कुजबुज होऊ लागली की तो मुद्दाम वेढा लांबवतो आहे, त्याचेच आतून संधान आहे. त्याच्यासोबत फिरलेल्या भीमसेन सक्सेनाने तसे लिहूनही ठेवले. राजाराम महाराज किल्ला पडण्याआधी निसटले. पकडणारा खरा, की पकडला गेलेला खरा? दोघांविषयीच्या बातम्या एकाच बादशहाच्या कानी जात होत्या.

मुलांविषयी तर त्याचे कान फारच तिखट होते. थोरला मुअज्जम गोवळकोंड्याच्या अबुल हसन कुतुबशहाशी चोरून पत्रव्यवहार करतो हे कळताच १६८७ च्या फेब्रुवारीत त्याला मुलांसह अटक झाली. सुटका १६९५ मध्ये. आठ वर्षे बाप त्याच छावणीच्या तंबूंमधून हिंडत होता आणि मुलगा कैदेत. याच्याही आधी, १६८१ मध्ये, शाहजादा अकबर राजपुतांना मिळून बंड करून उठला, तेव्हा औरंगजेबाने ऐकण्याच्या विद्येचा उलटा उपयोग केला. त्याने अकबराच्या नावे एक खोटे पत्र लिहिले: शाबास, राजपुतांना जाळ्यात छान आणलेस, अशा अर्थाचे. आणि ते राजपुतांच्याच हाती पडेल अशी व्यवस्था केली. चोरून वाचणाऱ्याला जे हाती लागते तेच खरे वाटते, हे त्याला पक्के ठाऊक होते. एका रात्रीत राजपूत अकबराला सोडून गेले, आणि अकबर त्याच वर्षी दख्खनेत संभाजी महाराजांच्या आश्रयाला आला. माझा प्रश्न असा की ज्याला दुसऱ्यांना असे फसवता येते हे माहीत होते, त्याने रात्री नऊला स्वतःपुढे वाचल्या जाणाऱ्या कागदांवर विश्वास कसा ठेवला?

३ मार्च १७०७ रोजी अहमदनगरजवळ त्याचा मृत्यू झाला. त्याच वर्षी जूनमध्ये जाजऊच्या रणांगणात मुअज्जमने आझमला ठार केले. १७०९ च्या जानेवारीत हैदराबादजवळ कामबक्ष संपला. मुलांचे प्रत्येक वाक्य टिपून घेणाऱ्या बापाच्या मागे मुलांनी नेमके तेच केले जे होऊ नये म्हणून इतके कान नेमले होते.

इथे माझ्या बाजूची एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हे सारे मला कसे कळले? त्याच ऐकणाऱ्यांमुळे. दरबारात काय बोलले गेले, कोणाला खिलअत मिळाली, कोणावर रोष झाला, याच्या छोट्या छोट्या कागदांवरच्या नोंदी राजपूत राजांचे वकील आपल्या धन्याला पाठवत. 'अखबारात-ए-दरबार-ए-मुअल्ला' या नावाने त्या प्रसिद्ध आहेत. जयपूरच्या दफ्तरात त्या जपल्या गेल्या. सर जदुनाथ सरकारांचे काम त्यांवर उभे आहे. मराठीत त्या आणण्याचे मोठे श्रेय सेतुमाधवराव पगडींना (१९१० ते १९९४) जाते. हैदराबाद संस्थानात उमेदीचा काळ घालवलेल्या या फारसी-उर्दूच्या जाणकाराने 'मोगल दरबाराची बातमीपत्रे' मराठी वाचकाच्या हाती दिली. भीमसेनचा ग्रंथही 'मोगल आणि मराठे' म्हणून त्यांनीच मराठीत आणला. शिवाजी महाराज १६६६ मध्ये आग्र्याला काय बोलले, कसे रागावले, हे सांगणारी विश्वसनीय साधने म्हणजे आमेरच्या राजपूत कारभाऱ्यांची राजस्थानी पत्रे. तेव्हा इतिहासकार हाही तीनशे वर्षांनी दाराला कान लावून उभा असलेला माणूसच आहे, हे विसरून मला दुसऱ्यांना दोष देता येणार नाही. फरक असलाच तर एवढाच, की आमच्या ऐकण्याने आता कोणाला अटक होत नाही.

मराठ्यांकडेही कान होते. सभासदाच्या बखरीत बहिर्जी नाईक जाधव येतात. सुरतेची बातमी त्यांनी आणली आणि १६६४ ची स्वारी झाली. (नावात 'बहिर' आणि काम कानाचे, यावर माझे विद्यार्थी दरवर्षी नव्याने हसतात.) पण बहिर्जींचे आणि खुफिया-नवीसाचे काम एकाच मापाने मोजणे बरोबर नाही. एक परमुलखात, शत्रूच्या ठाण्यात जीव धोक्यात घालून ऐकतो. दुसरा आपल्याच माणसांत बसून, त्यांचे मीठ खाऊन ऐकतो.

हा भेद आपल्या परंपरेत फार जुना आहे. हिजरी ५ मध्ये खंदकच्या लढाईत एका थंड, वादळी रात्री हजरत हुजैफा यांना शत्रूच्या छावणीत बातमी आणायला पाठवले गेले. अंधार इतका की अबू सुफियानने सांगितले, प्रत्येकाने आपल्या शेजारी कोण बसले आहे ते तपासून घ्या. हुजैफांनी प्रसंगावधान राखून स्वतःच शेजाऱ्याचा हात धरला आणि विचारले, तू कोण? अबू सुफियानवर बाण सोडण्याची संधी होती, पण काही छेडू नका असे बजावलेले असल्यामुळे त्यांनी हात आवरला, जे ऐकायचे ते ऐकून परत आले. हे युद्ध होते. दुसरीकडे सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत श्रद्धावंतांना एकमेकांविषयी फार संशय बाळगू नका, तजस्सुस करू नका आणि पाठीमागे निंदा करू नका असे सांगितले आहे. या क्रमाकडे लक्ष द्यावे. संशय आधी येतो, कान लावणे त्याच्या मागून, आणि कानावर पडलेले चारचौघांत सांगणे त्याच्याही मागून. लोकांना नको असताना त्यांचे बोलणे ऐकणाऱ्याच्या कानात कयामतच्या दिवशी वितळलेले शिसे ओतले जाईल, असा इशारा हदीसमध्ये आहे.

हजरत उमर यांची रिवायत आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. रात्री मदिनेत फिरताना एका घरातून आवाज आले. ते भिंत चढून आत उतरले, तर घरधनी नको त्या अवस्थेत, पुढ्यात मद्य. खलिफांनी खडसावले. तो माणूस म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझ्याकडून एक गुन्हा झाला, पण तुमच्याकडून तीन. तुम्ही तजस्सुस केला, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी-सलाम न करता आलात. उमर यांनी ते मान्य केले आणि ते निघून गेले. आमचे वक्ते ही गोष्ट खलिफाच्या नम्रतेसाठी सांगतात. मला तीत त्या घरधन्याचे धैर्य अधिक दिसते. राज्याचा प्रमुख अंगणात उभा असताना त्याला आपल्या भिंतीचा हक्क आठवला.

इंग्रजांनी खुफिया-नवीस काढून टाकले नाहीत, त्यांना लघुलेखन शिकवले. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये बेळगाव आणि अहमदनगरला स्वराज्यावर भाषणे केली तेव्हा सीआयडीची माणसे सभेत बसून शब्द टिपत होती. भाषण मराठीत, टिपण लघुलिपीत, आणि खटला इंग्रजी भाषांतरावर. पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्याने वर्षभराच्या चांगल्या वर्तनासाठी २०,००० रुपयांचा जातमुचलका आणि प्रत्येकी १०,००० रुपयांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जिना उभे राहिले. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांनी तो हुकूम रद्द केला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता की वेचलेली वाक्ये पुढे ठेवून निकाल देता येत नाही, सबंध भाषणाचा रोख काय आहे हे पाहिले पाहिजे. चोरून ऐकणाऱ्यावर यापेक्षा नेमका आक्षेप मी वाचलेला नाही. त्याच्या हाती नेहमी तुकडा लागतो. आधी काय झाले, बोलणारा हसत होता की रडत होता, समोरच्याने काय विचारले होते, हे सगळे भिंतीपलीकडे राहते, आणि ती रिकामी जागा ऐकणारा स्वतःच्या भीतीने किंवा धन्याला आवडेल अशा मजकुराने भरतो.

इंग्रज गेले, त्यांचा १८८५ चा तार कायदा मात्र राहिला. त्याच्या ५(२) कलमाखाली फोन ऐकले जात. शेजारच्या कर्नाटकात १९८८ मध्ये फोन चोरून ऐकल्याच्या प्रकरणात मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. १८ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग आणि न्यायमूर्ती सगीर अहमद यांच्या सर्वोच्च न्यायालयातील खंडपीठाने फोनवरचे बोलणे हा माणसाच्या खासगी जीवनाचा भाग आहे असे ठरवले. फोन ऐकण्याचा हुकूम गृहसचिवानेच द्यावा, तो दोन महिन्यांत संपावा आणि मुदतवाढ धरूनही सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, अशी बंधने घातली. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द करून त्या ध्वनिमुद्रणाच्या प्रती नष्ट करायला लावल्या. २०२१ मध्ये पेगॅसस प्रकरण गाजले. आता १८८५ च्या कायद्याची जागा २०२३ च्या दूरसंचार कायद्याने घेतली आहे, ऐकण्याची तरतूद त्यातही आहे.

आमच्या लहानपणी कोणाला हुकुमाची गरज नव्हती. एसटीडी बूथच्या काचेच्या खोपटात अब्बा सौदीला असलेल्या मामूशी बोलत आणि बाहेर रांगेतले सात-आठ जण ऐकत. अब्बा त्यामुळे फक्त 'हां, हां, खैरियत है' एवढेच बोलत. पैशांची गोष्ट पत्रात. तेव्हा ते मला विचित्र वाटे. आता मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर एखादा अनोळखी माणूस वर्तमानपत्र उघडून बसला आणि पाने मात्र उलटेना, की बोलणाऱ्यांचे आवाज खाली जातात. विषय ऊसदरावर आणि क्रिकेटवर येतो. तो माणूस बहुधा कोणाची तरी वाट पाहत असतो. पण हजार सुतून महालातले अमीर मला तेव्हा आठवतात. आमच्यातलाच कोणी पोलिसांचा खबरी आहे असे म्हटले जाते, नावे घेतली जातात आणि ज्याचे नाव घेतले जाते त्याच्या घरचे लग्नही ओस पडते. त्याने कधी काही ऐकले होते की नव्हते, हे कोणी तपासत नाही.

आता त्या मॉनिटरबद्दल. मुलाचा प्रश्न मला खुपला, कारण मी वर्गात नेमके तेच केले होते. मी तासाला नसताना कोण बोलतो याची नावे फळ्यावर लिहायला एक मॉनिटर होता. तो आपल्या दोस्तांची नावे वगळतो असे कळले, म्हणून मी मधल्या रांगेतल्या एका शांत, कोणाच्या लक्षात न येणाऱ्या मुलाला बोलावून सांगितले, तू मला चुपचाप सांगत जा. बी.एड.च्या अभ्यासात हे कोणी शिकवले नव्हते. आईन-ए-अकबरीही मी तोवर नीट वाचली नव्हती. माणसाला हे आपोआप सुचते.

त्या हिवाळ्यात, गळीत हंगाम जोरात असताना, मी आठवडाभर खोकत होतो. एके सकाळी तो शांत मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, वो बोला, आज सर नई आए तो अच्छा." ज्याचे नाव त्याने घेतले तो ऊसतोड मजुराचा मुलगा, गृहपाठात कच्चा. मला लगेच पटले. मी त्याला सगळ्यांसमोर उभे केले, बोलू नये ते बोललो आणि दिवसभर मागे उभे ठेवले. तो गप्प राहिला. चार दिवसांनी त्याच्या बाकावरची मुलगी वही तपासून घेताना म्हणाली, "सर, उसने पूरा क्या बोला मालूम? सर नई आए तो अच्छा, कल लई खाँस रहे थे, घर में आराम करना उनो."

मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली. तो लाजून बाकाखाली पेन्सिल शोधू लागला. हंगाम संपल्यावर त्याचे आईबाप मुकादमाबरोबर परत गेले आणि त्याचे नाव हजेरीपटावरून निघाले.

त्या दुसऱ्या, शांत मुलाला मी सांगितले की आता काही सांगायला येऊ नकोस, चूक तुझी नव्हती. पण सवय लागलेली. मधल्या सुट्टीत तो अजून टेबलाजवळ येऊन उभा राहतो, इकडेतिकडे पाहतो, तोंड उघडतो. मी त्याला ऑफिसातून खडू आणायला पाठवतो.